माणूस संपल्यावर १० कोटी वर्षांनी कुणाला काय सापडेल? (मुंबई, कोलकाता आणि खालचा खडक)

खडकवाट

माणूस उद्या नाहीसा झाला तर त्याच्या खुणा किती काळ टिकतील, ह्यावर अधूनमधून कुठे ना कुठे चर्चा होते आणि पिरॅमिड, प्लास्टिक, ताजमहाल असं म्हणून संपते. इथे जरा नीट हिशोब मांडू या. अट एकच: काळ सांगितल्याशिवाय 'टिकेल' म्हणायचं नाही. १,००० वर्षं, १० लाख वर्षं आणि १० कोटी वर्षं हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात तगणाऱ्या बहुतेक वस्तू तिसऱ्यात बाद होतात.

सुरुवातीला दोन आकडे. जमिनीचा शहरांखाली असलेला भाग १ टक्क्याहूनही कमी धरला जातो. आणि समुद्रतळ, तुरळक अपवाद सोडले तर, १८ कोटी वर्षांहून जुना कुठेच उरलेला नाही. तो कडेला दुसऱ्या भूपट्टाखाली सरकून पोटात परत जातो. २०१८ साली गॅव्हिन श्मिट आणि ॲडम फ्रँक ह्या शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा करून विचारला होता: कोट्यवधी वर्षांपूर्वी एखादी औद्योगिक संस्कृती होऊन गेली असती, तर ती आपल्याला खडकांत ओळखू आली असती का? अशी संस्कृती होती असा त्यांचा दावा नव्हता, उलट नव्हतीच असं त्यांना वाटतं. पण प्रत्यक्ष वस्तू हाती लागण्याची आशा त्यांनी जवळपास सोडूनच दिली आणि सगळी भिस्त गाळातल्या रासायनिक ठशावर ठेवली.

मला ते अर्धंच पटतं. वस्तू टिकतात, पण मजबूत असतात म्हणून नव्हे, योग्य जागी पडतात म्हणून. खचणाऱ्या जमिनीत गाडली गेलेली फुटकी कपबशी मलबार हिलवरच्या ४० मजली टॉवरपेक्षा कितीतरी कोटी वर्षं जास्त टिकेल. इमारतींपासून सुरुवात करू.

सळई_१६

इमारतींचं मी लिहितो, कारण तो भाग सगळ्यात लवकर संपतो.

आरसीसीत सळई गंजत नाही ह्याचं कारण काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि त्यात पोलादावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत शिरत जातो, चुन्याचं कार्बोनेट होतं आणि पीएच ९ च्या खाली उतरतो. तो उतार सळईपर्यंत पोचला की संरक्षण संपलं. पीएच उतरलेल्या थराची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. साध्या काँक्रीटला पहिल्या वर्षी ४ मिमी धरली तर २० मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) २५ वर्षांत पार होतं आणि ४० मिमी १०० वर्षांत. म्हणजे कव्हर दुप्पट केलं की आयुष्य चौपट. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनाऱ्यालगत ४५ मिमी आणि खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात तिथे ५० मिमी सांगितलंय. साइटवर कव्हर ब्लॉक नीट न लावल्यामुळे सळई शटरिंगवर टेकते आणि प्रत्यक्षात १० ते १५ मिमीच मिळतं.

त्यात समुद्राजवळ क्लोराइड. त्याला पीएच उतरायची वाट पाहावी लागत नाही, तो पोलादावरच्या ऑक्साइडच्या थराला थेट भोकं पाडतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट होतं, काँक्रीट आतून फुटतं, स्लॅबचे पोपडे पडतात, मग सळई उघड्यावर येते. देखभाल बंद पडल्यावर गच्चीच्या पन्हाळ्या पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत पाल्याने तुंबतील, पाणी साचेल आणि भेगांत पिंपळ-वड येतील. मुंबईतल्या बहुतेक आरसीसी इमारती १०० ते १५० वर्षांत कोसळलेल्या असतील. ५०० वर्षांनी ढिगारे आणि त्यावर जंगल.

सळई नसलेलं बांधकाम जास्त टिकतं हे इथे उलटंच वाटेल, पण तसंच आहे.

शंकेखोर

मग रोमचं पँथिऑन १,९०० वर्षं उभं आहे ते ह्याचमुळे? आणि कोयना धरण?

सळई_१६

पँथिऑनचं बरोबर. ४३.३ मीटर व्यासाचा घुमट आणि आत एकही सळई नाही. सगळा भार दाबात, ताण जवळपास नाहीच. ज्वालामुखीची राख आणि चुना ह्यांची प्रतिक्रियाही हळूहळू चालू राहते.

कोयना रबल काँक्रीटचं आहे, उंची १०३ मीटर. मोठे दगड आणि काँक्रीट, नेहमीच्या अर्थाने आरसीसी नाही, म्हणून गंजाने मरणार नाही. ते पाण्याने मरेल. दरवाजे बंद स्थितीत गंजून अडकले की पूर माथ्यावरून जायला लागेल, पायथ्याचा खडक कोरला जाईल. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाला तडे गेले होते आणि ते नंतर भक्कम केलं गेलं, पण पुढच्या हजार वर्षांत तसे आणखी धक्के बसणारच. जलाशय आधी गाळाने भरेल आणि भिंत गेली की नदी तो गाळ परत कापून नेईल. त्यामुळे डोंगरातल्या धरणांच्या गाळात जे अडकलंय तेही कायमचं नाही.

काळा_कातळ

वेरुळचं कैलास लेणं? ते तर बांधलेलंच नाही, कोरलेलं आहे. गंजायला काही नाही.

खडकवाट

गंजायला नाही, पण झिजायला आहे. उघड्या खडकाच्या झिजेची जगभरची सरासरी १० लाख वर्षांना १२ मीटर अशी काढलेली आहे. म्हणजे १,००० वर्षांना १२ मिमी. सरासरी आहे, वेरुळला तंतोतंत लावायची नाही, पण अंदाज येतो: पावसात उघडं असलेलं बोटभर खोलीचं कोरीवकाम काही हजार वर्षांत पुसट होईल, साधारण ३० मीटर उंचीची अख्खी रचना २०-२५ लाख वर्षांच्या आत सपाट. छताखालची लेणी कोरीवकामाच्या बाबतीत जास्त टिकतील, पण त्यांचा शत्रू वेगळा. दख्खनचा बेसाल्ट एकसंध नाही, लाव्ह्याचे एकावर एक थर आहेत. दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि छत तिथून सुटतं. अजिंठ्यात पाणी गळतीवर सतत उपाय करावे लागतात ते काही उगाच नाही.

तरीही माणसाने केलेल्या जमिनीवरच्या कामांत कोरीव लेणी मी इमारतींच्या किमान १,००० पट पुढे ठेवीन.

गाळपेर

आता मुद्द्याचं. जमीन दोन प्रकारची: जिथून माती जाते ती आणि जिथे माती येते ती. मुंबई पहिल्या प्रकारात. खाली ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, वर पातळ माती, बेटांमधल्या खाड्यांत भर. समुद्र वाढला तर सखल भाग चिखलाखाली जाईल आणि ठाणे खाडी, माहीम, देवनारचा कचरा (१९२७ पासून साठतोय) काही हजार वर्षं झाकला जाईल. पण पुढच्या हिमयुगात समुद्र खाली गेला, मागच्या वेळी तो १२० मीटर खाली होता, की नद्या तोच चिखल कापून समुद्रात ढकलतील.

खरी जागा आहे बंगालचा त्रिभुज प्रदेश. गंगा-ब्रह्मपुत्रा वर्षाला १०० कोटी टनांच्या आसपास गाळ आणतात, खालची जमीन वर्षाला काही मिलिमीटरने खचते, आणि त्या खोऱ्यात गाळाची जाडी खोल भागात १६ किलोमीटरहून जास्त आहे. ढाका, कोलकाता, खुलना, बारिसाल ही शहरं खाली जाणार आहेत, वर येणार नाहीत. न्यू ऑर्लिन्स, शांघाय, बँकॉकचंही तेच. १० कोटी वर्षांनी कुणी मोठं शहर खणून काढलं तर ते मुंबई किंवा पुणे नसेल.

खडकवाट

गाळपेर, सहमत, पण यादीतून ढाका काढा. ढाक्याचा बराच भाग मधुपूर उंचवट्यावर आहे, तांबड्या चिकणमातीचा जुना, किंचित उचललेला पठारी तुकडा. भोवतालचं सगळं बुडताना तो बराच काळ वर राहील आणि झिजेल. खुलना आणि बारिसाल उत्तम, कोलकाताही चालेल.

आणि मुंबईवर इतकी फुली मारू नका. शहर झिजेल, पण झीज जाते कुठे? किनाऱ्यापासून १६० किमीवर जिथे १९७४ मध्ये तेल सापडलं, ते बॉम्बे हायचं खोरं कोट्यवधी वर्षं गाळ घेत आलंय. आपल्या पश्चिमवाहिनी नद्या आखूड आहेत, त्यामुळे गाळ थोडा, पण विटांचे तुकडे, काच, चिनी माती ह्यांचे गोल झालेले खडे त्या थरांत मिळतील. इमारत नाही, चुरा मिळेल. शहर होतं हे कळायला चुराही पुरतो.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेनने वर्णन केलेले बेडकांचे जीवाश्म ह्याच मुंबईच्या, वरळीच्या खडकातले आहेत. लाव्ह्याच्या दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळं झालं, त्यात गाळ साठला, वरून पुन्हा लाव्हा आला आणि बेडूक ६ कोटींहून जास्त वर्षं बंदिस्त राहिले. इतकं नाजूक हाड टिकतं, फक्त वरून झाकण पडायला हवं.

शंकेखोर

मग कोलकात्याचं १० कोटी वर्षांनी नेमकं दिसेल काय? इमारतीची भिंत? मेट्रोचा बोगदा?

गाळपेर

थर दिसेल. जास्तीत जास्त काही मीटर जाडीचा, वरच्या ओझ्याने दाबलेला. वस्तूवार सांगतो.

वीट आणि चिनी माती: सगळ्यात भरवशाची. भाजताना खनिजं बदललेली असतात, पुढे फारसं काही होत नाही. संडासाचं भांडं, फरशी, विजेच्या खांबावरचे इन्सुलेटर, स्पार्क प्लग. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या मातीच्या भिंती विरल्या, पण जोर्वे पद्धतीची खापरं ढिगाने मिळाली. तोच न्याय पुढे चालवायचा.

काँक्रीट: सिमेंटचा भाग भूजलात विरघळेल, पुन्हा कॅल्साइट म्हणून बसेल. खडी राहील. आणि खडीच चुगली करेल. त्या खोऱ्यात शेकडो किलोमीटर दगड नाही, सगळी बारीक माती-वाळू. तिथे अचानक २० मिमी आकाराचे, कोनदार, काळ्या बेसाल्टचे एकसारखे तुकडे. कोलकात्याची खडी झारखंडातल्या पाकूडची, राजमहालच्या लाव्ह्यातली. नदीने आणले असते तर खडे गोल झाले असते आणि लहानमोठे मिसळलेले असते. बांगलादेशात तर दगडाअभावी विटा फोडून त्यांची खडी वापरतात, ती आणखी चमत्कारिक दिसेल.

लोखंड: चिखलात ऑक्सिजन संपला की जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात आणि लोखंडाचं पायराइट होतं. सळईच्या जागी पायराइटची कांडी किंवा नुसता गोल साचा. ॲल्युमिनिअम टिकणार नाही, त्याची चिकणमाती होईल.

काच: पाणी शोषून दुधी होते, मग स्फटिकं धरते. नैसर्गिक काचही, म्हणजे ऑब्सिडियन, फार जुनी क्वचितच मिळते. बाटलीचा आकार मात्र चिखलात उमटेल.

प्लास्टिक: ह्यावर लोक फार विसंबतात. खोलीबरोबर तापमान किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढतं. ३-४ किमीवर १०० अंशांच्या पुढे, तिथे पॉलिथिन मऊ होतं आणि पुढच्या काळात त्यातून तेल-वायू सुटतात. २ किमीहून उथळ राहिलं तर काळपट, ठिसूळ पापुद्रा टिकू शकतो.

तिसरी_घंटा

हाडांचं कुणी बोललंच नाही. आपली स्वतःची.

खडकवाट

टी. रेक्सवर २०२१ मध्ये एक हिशोब झाला होता: एका वेळी अंदाजे २०,००० प्राणी, एकूण २५० कोटी होऊन गेले, आणि आपल्या हाती आलेलं प्रमाण साधारण ८ कोटींत १. माणसं आजवर ११,००० कोटींहून जास्त जन्मली असा अंदाज आहे. तोच दर लावला तर दीड हजारभर सांगाडे. पण हा दर आपल्याला नीट बसत नाही. दफनभूमी उंच, कोरड्या जागी निवडतात, म्हणजे जीवाश्म व्हायला सगळ्यात वाईट.

दहनाचं उलट आहे. ६०० अंशांच्या वर हाडातलं खनिज पुन्हा स्फटिक धरतं आणि ते कच्च्या हाडापेक्षा सावकाश विरघळतं. गंगेत सोडलेल्या अस्थींचे तुकडे शेवटी त्याच बंगालच्या गाळात जातात. आकार ओळखता येणार नाही, जळलेलं हाड आहे एवढं कळेल.

पण हाडांत पहिला नंबर ब्रॉयलर कोंबडीचा. जगात कुठल्याही क्षणी २,२०० कोटींहून जास्त कोंबड्या, वर्षाला साडेसहा हजार कोटींहून जास्त कापल्या जातात. ५ ते ९ आठवड्यांचं पिल्लू, पण तंगडीचं हाड मूळ रानकोंबडीपेक्षा बरंच जाड आणि सच्छिद्र. सगळ्या खंडांवर एकाच वेळी, पूर्वजांच्या मधल्या पायऱ्यांशिवाय प्रकट झालेली जात. पुढच्या अभ्यासकाने आपल्या काळाला कोंबडीयुग म्हटलं तर तक्रार करता येणार नाही.

अर्धायुष्य

वस्तू सोडा, रसायन बघा. पण तिथेही उत्साह आवरता घ्यावा लागतो, कारण लोक 'अणुचाचण्यांचा थर' म्हणून मोकळे होतात.

प्लुटोनिअम-२३९ चं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) २४,११० वर्षं. दहा अर्धायुष्यांनी, म्हणजे २.४ लाख वर्षांनी, हजारावा भाग उरतो. १९४५ ते १९६३ च्या चाचण्यांतून पसरलेला पातळ थर १० लाख वर्षांनी मोजता येणार नाही. प्लुटोनिअम-२४४ चं अर्धायुष्य ८ कोटी वर्षं आहे, पण तो बाहेरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतूनही अत्यल्प प्रमाणात येऊन खोल समुद्रात बसतो. त्यामुळे नुसता तो सापडला म्हणून माणूस सिद्ध होत नाही. आयोडिन-१२९ (१.५७ कोटी वर्षं) निसर्गातही तयार होतो.

टिकेल ते एकत्र साठवलेलं इंधन. पुरावा गॅबनमधल्या ओक्लोचा. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये तिथलं युरेनिअम तपासताना त्यातल्या यू-२३५ चं, म्हणजे अणुभट्टीत फुटणाऱ्या प्रकाराचं, प्रमाण ०.७२०२ टक्क्यांऐवजी ०.७१७१ भरलं. फरक इतकासाच, पण तो असायलाच नको होता. शोधल्यावर कळलं की जवळपास २०० कोटी वर्षांपूर्वी, यू-२३५ चं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास असताना, तिथे पाण्याच्या साहाय्याने आपोआप अणुभट्टी चालली होती. निओडिमिअमच्या समस्थानिकांनी ते पक्कं झालं. २०० कोटी वर्षं जुनी भट्टी आपण वाचू शकलो, तर फिनलंडच्या ओन्कालो ह्या अणुकचऱ्याच्या भूमिगत साठ्यात ४०० मीटरवर तांब्याच्या ५ सेंमी जाड नळकांड्यांत ठेवायचं वापरलेलं इंधन कुणीही वाचेल. ओक्लोत काही मिश्रधातू सापडणार नाही, ओन्कालोत झिर्कोनिअमच्या नळ्यांचे अवशेष असतील. निसर्ग की कारागिरी हा प्रश्न तिथेच मिटतो.

शंकेखोर

आणि कार्बन? तापमानवाढीचा ठसा तर जगभर असेल.

अर्धायुष्य

असेल, पण कुणाचा ते त्यावरून कळणार नाही. ५.६ कोटी वर्षांपूर्वी अशीच घटना झाली: ५ ते ८ अंशांची वाढ, हलक्या कार्बनचा लोंढा, समुद्र आंबट झाला आणि खोल तळावर चुन्याचा पांढरा गाळ थांबून काळपट मातीचा पट्टा आला. आपला पट्टाही तसाच दिसेल. वेग वेगळा होता हे दाखवायचं तर बारीक काळ मोजता आला पाहिजे, आणि तिथेच गाडी अडते. खोल समुद्रात १,००० वर्षांना १ ते ३ सेंमी गाळ साठतो. १ सेंमी धरला तर आपली ३०० औद्योगिक वर्षं म्हणजे ३ मिमी. वरचे ८-१० सेंमी किडे सतत ढवळतात. ३ मिमीचा थर १०,००० वर्षांच्या गाळात कालवला गेला की वेग पुसला जातो.

म्हणून किडे नसलेली जागा हवी. तळाशी ऑक्सिजन नसलेली तळी, काळा समुद्र. कॅनडातलं क्रॉफर्ड तळं थर ढवळले जात नाहीत म्हणून निवडलं होतं: २४ मीटर खोल, वर्षाला एक थर. २०२३ मध्ये मानवयुगाच्या सुरुवातीची खूण म्हणून ते सुचवलं गेलं, मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या समितीने प्रस्ताव फेटाळला. फेटाळला तो युगाचा दर्जा. थर तिथे आहेच.

गाळपेर

त्या थरातली एक गोष्ट प्लुटोनिअमपेक्षा महत्त्वाची आहे: कोळशाच्या भट्टीतले कार्बनचे सूक्ष्म गोल कण. दळलेला कोळसा किंवा जड तेलाचा थेंब १,००० अंशांच्या वर अर्धवट जळला की सच्छिद्र गोळी उरते. वणव्यात कोळशाचे तुकडे होतात, अशा गोळ्या होत नाहीत. त्यांना नैसर्गिक उगमच नाही. कार्बन निष्क्रिय, आकार काही मायक्रॉन, वाऱ्याने सगळीकडे. फ्लाय ॲशमधल्या काचेच्या गोळ्यांपेक्षा ह्या उपयोगी, कारण काचेच्या गोळ्या उल्कांच्या धुळीतही असतात आणि तपासणाऱ्याचा गोंधळ होतो.

चंद्रपूर, कोराडीच्या वीज केंद्रांची राख आपल्याकडच्या तळ्यांत जाते. लोणारला पाणी बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे तिथे पडलं ते तिथेच. त्या तळातून काढलेल्या साधारण १० मीटर लांबीच्या गाळाच्या गाभ्यात ११,००० वर्षांच्या पावसाची नोंद मिळाली आहे. विवर भरून काठ झिजेपर्यंत, म्हणजे काही लाख वर्षं, ती नोंदवही चालेल. १० कोटींच्या हिशोबात लोणार नाही.

तिसरी_घंटा

अंतराळ राहिलं. तिथे ना गंज ना गाळ.

अर्धायुष्य

४०० किमीवरचे उपग्रह काही वर्षांत पडतील, ८०० किमीवरचे शतक-दोन शतकांत. १९७६ चा लॅजिऑस, पितळी गाभ्याचा ६० सेंमी व्यासाचा आरशांचा गोळा, साधारण ५,९०० किमीवर ८४ लाख वर्षं राहील असा अंदाज आहे. ३५,७८६ किमीवरच्यांना हवेचा विरोध नाही, पण एकमेकांवर आपटून चुरा होत जाईल.

चंद्रावरच्या पाउलखुणा कोट्यवधी वर्षं टिकतील असं सगळीकडे छापलं जातं. २०१६ मध्ये नासाच्या एलआरओ ह्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या छायाचित्रांची तुलना केल्यावर दिसलं की छोट्या आघातांनी उडालेल्या धुळीमुळे वरचे २ सेंमी दर ८१,००० वर्षांनी ढवळले जातात, आधीच्या अंदाजाच्या १०० पट वेगाने. ठसे त्या मानाने लवकर जातील. विक्रम लँडरवरचा ५ सेंमीचा परावर्तक मात्र वीज लागत नसल्याने बराच काळ काम देईल, धूळ बसेपर्यंत.

व्हॉयेजर यानांवरच्या दोन तबकड्या सगळ्यांत जास्त जगतील, १०० कोटी वर्षांच्या पुढे. त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि मराठीतला नमस्कारही. पण त्या परत येणार नाहीत, म्हणजे पृथ्वीवर शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य.

काळा_कातळ

खाणी आणि बोअर? त्यांना तर झीज पोचतच नाही.

खडकवाट

हाच माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित पुरावा. कोलारच्या सोन्याच्या खाणी ३ किमीहून खोल गेल्या, २००१ मध्ये बंद पडल्या, पाण्याने भरल्या. खडक दाबाने बोगदे मिटवेल (तिथले खडकस्फोट कुप्रसिद्धच होते), पण लाकडी-पोलादी आधार, भराव, ड्रिलची सरळ भोकं ही विसंगती राहते. वरून १० लाख वर्षांना १२ मीटर झीज धरली तर ३ किमी उघडं पडायला २५ कोटी वर्षं. रशियातलं कोला बोअर १२,२६२ मीटर. आपल्याकडे कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे इथे २०१७ मध्ये ३ किमीचं बोअर झालं, सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडून खालच्या ग्रॅनाइटमध्ये. शेकडो मीटर सरळ जाणारी, एकाच व्यासाची गोल नळी, आत सिमेंट आणि गंज: कुठलाही प्राणी किंवा ज्वालामुखी असं करत नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीची १०७ मीटरवरची वितळून काच झालेली पोकळीही ह्याच यादीत.

अडचण सापडण्याची आहे. २० सेंमीचं भोक उघड्या कड्यावर नेमकं कापलं गेलेलं दिसलं पाहिजे.

शंकेखोर

मग मुद्दाम ठेवायचं ठरवलं तर? ऑस्ट्रियात हालश्टाटच्या मिठाच्या खाणीत २० सेंमीच्या सिरॅमिक फरशांवर माहिती छापून ठेवतात. महाराष्ट्रात करायचं तर कुठे?

गाळपेर

मीठ फरशीला घट्ट मिठी मारतं हे चांगलं, पण भूजल पोचलं की मीठ विरघळतं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये थरांचे सांधे आणि पाणी. कोयनेला भूकंप. माझी निवड गडचिरोली-भंडाऱ्याकडचा बस्तर भूखंड, तिथला ग्रॅनाइट-नाइस २५० कोटी वर्षांहून जुना आणि शांत.

फरशी नको, ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनिअम ऑक्साइडच्या सिरॅमिकच्या) चकत्या घ्या. ग्लेझ आणि रंग अजिबात नको, ग्लेझ ही काचच आहे आणि ती फुटणार. अक्षर १ मिमी खोल कोरलेलं. भराव बेंटोनाइट ह्या चिकणमातीचा, ती पाणी लागलं की फुगून भेगा बुजवतो. सिमेंट वापरू नका, त्याचं अल्कलीयुक्त पाणी बेंटोनाइट खराब करतं. ओन्कालोतही ह्याच कारणासाठी कमी पीएचचं सिमेंट वापरतात.

खडकवाट

एकाच खोलीवर ठेवलंत तर सगळं फुकट. ६०० मीटरवरच्या चकत्या ५ कोटी वर्षांनी उघड्या पडतील आणि पुढच्या काही हजार वर्षांत ओढ्यात वाहून जातील. त्या वेळी बघायला कुणी नसेल तर संपलं.

त्यापेक्षा १,२०० मीटरचं एक बोअर घ्या आणि दर १२ मीटरला चकत्यांचा एक संच ठेवा, मध्ये बेंटोनाइट. १०० संच झाले, सरासरी १० लाख वर्षांना एक संच पृष्ठभागावर येत राहील, १० कोटी वर्षं. अशी सहा बोअर षटकोनाच्या कोपऱ्यांवर, १०० मीटर अंतराने, म्हणजे एक सापडलं की बाकीची शोधता येतील. जागा जलविभाजकाच्या कण्यावर निवडा, नदीपात्राजवळ नको. पाणलोट क्षेत्रांची सरासरी झीज १० लाख वर्षांना २१८ मीटर आहे. त्या दराने सगळे संच ५५ लाख वर्षांतच वर येऊन संपतील.